शिळा आकडा : लोम्बार्डीचे सोळा दिवस

२१ फेब्रुवारी २०२० रोजी इटलीच्या लोम्बार्डी प्रांतात करोनाचा पहिला स्थानिक रुग्ण सापडल्याची बातमी आली. ८ मार्चला तो अख्खा प्रांत बंद करण्याचा आदेश निघाला. मधल्या सोळा दिवसांत कोण काय बोललं, कुणी काय ठरवलं आणि काय ठरवायचं टाळलं, एवढाच या प्रकरणाचा आवाका आहे.

साथीच्या सुरुवातीला धोका न ओळखल्याची उदाहरणं हवी तितकी सापडतात. लोम्बार्डी निवडलं ते अशासाठी, की नेहमीच्या सबबी तिथे चालत नाहीत. माहिती दडपणारं सरकार नव्हतं. वर्तमानपत्रं मोकळी होती. रुग्णालयं युरोपातल्या चांगल्या रुग्णालयांत गणली जात. वुहानमध्ये काय चाललंय हे महिनाभर रोज टीव्हीवर दिसत होतं. तरीही मार्च २०२० मध्ये या प्रांतातल्या बर्गामो जिल्ह्यात झालेले मृत्यू आधीच्या पाच वर्षांच्या मार्चच्या सरासरीपेक्षा ५६८ टक्क्यांनी जास्त भरले. हा आकडा इटलीच्या राष्ट्रीय सांख्यिकी संस्थेचा आहे. त्यात करोनाची चाचणी झालेले आणि न झालेले, सगळेच मृत्यू धरलेले आहेत.

त्या सोळा दिवसांत सगळे अडाणी झाले होते, हे स्पष्टीकरण मला पटत नाही. लोक आकडे बघत होते, आणि ते आकडे खरेच होते. पण ते दोन-तीन आठवडे शिळे होते. शिवाय ते गोळा करण्याची रीतच अशी होती, की रोग असला तरी सापडू नये. त्यावर आणखी एक गोष्ट घडली: भीती हाच शत्रू ठरला आणि साथ मागे पडली.

एकाच दारावर पहारा

जानेवारी संपेपर्यंत काय माहीत होतं ते आधी पाहू. २३ जानेवारीला चीनने एक कोटीहून अधिक वस्तीचं वुहान बंद केलं. दुसऱ्याच दिवशी ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तिथल्या पहिल्या ४१ रुग्णांचा अहवाल आला. त्यातल्या जवळपास एक तृतीयांश लोकांना अतिदक्षता विभागात ठेवावं लागलं होतं आणि सहा जण दगावले होते. ३० जानेवारीला जागतिक आरोग्य संघटनेने आंतरराष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली. त्याच दिवशी रोममध्ये दोन चिनी पर्यटक बाधित निघाले. ३१ जानेवारीला इटलीने सहा महिन्यांची राष्ट्रीय आणीबाणी लावली आणि चीनहून येणारी विमानं थांबवली. युरोपीय संघात असं पाऊल टाकणारा तो पहिला देश होता.

म्हणजे कागदावर इटली सर्वांत सावध होती. घात नेमका तिथे झाला. विमानं थांबली, विमानतळांवर ताप तपासायला माणसं उभी राहिली, आणि पहारा लागला म्हणजे आत कुणी शिरलेलं नाही, असं सगळ्यांनी गृहीत धरलं. दुसऱ्या देशातून विमान बदलून येणाऱ्यांना अडवणारं कुणी नव्हतं. पुढे रुग्णांच्या मुलाखती घेऊन माग काढला, तेव्हा लोम्बार्डीत जानेवारीतच लक्षणं दिसू लागलेली माणसं सापडली. पहिला रुग्ण ‘सापडण्या’च्या कितीतरी आधीपासून विषाणू गावागावांत फिरत होता.

मग तो दिसला का नाही? चाचणीचे निकष चीनशी संबंधावर आधारलेले होते म्हणून. रुग्ण चीनहून आलेला असावा, किंवा चीनहून आलेल्या कुणाच्या संपर्कात आलेला असावा. न्यूमोनिया कितीही विचित्र असला तरी हा धागा नसेल तर नमुना घ्यायचा नाही. धागा नसलेल्यांची चाचणी होत नव्हती, म्हणून धागा नसलेले रुग्ण मिळत नव्हते. आणि ते मिळत नव्हते म्हणून स्थानिक प्रसार नाही असं छातीठोकपणे सांगता येत होतं. २० फेब्रुवारीपर्यंत इटलीतल्या बाधितांचा अधिकृत आकडा तीन होता.

१९ फेब्रुवारीला मिलानच्या सान सिरो मैदानावर बर्गामोचा अतालांता आणि स्पेनचा व्हॅलेन्सिया या संघांत चॅम्पियन्स लीगचा सामना झाला. बर्गामोहून लोक गाड्या-बसगाड्या भरभरून आले होते आणि मैदानात चाळीस हजारांहून अधिक प्रेक्षक होते. अतालांताने ४–१ असा विजय मिळवला. या सामन्याला पुढे ‘जैविक बॉम्ब’ वगैरे म्हटलं गेलं. मला त्यात थोडी सोय दिसते. एका रात्रीवर खापर फोडलं की त्याआधीच्या चार आठवड्यांचा आणि नंतरच्या दोन आठवड्यांचा हिशेब मागायला कुणी येत नाही. सामन्याने भर घातली असणार. पण त्या संध्याकाळी तो सामना भरवणं चूक आहे असं म्हणायला कुणाच्याही हातात एक कागद नव्हता, आणि कागद नव्हता तो वरच्या निकषामुळे.

कोदोन्यो

निकष मोडला एका भूलतज्ज्ञ बाईंनी. मिलानच्या आग्नेयेला कोदोन्यो नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या रुग्णालयात ३८ वर्षांचा, व्यायामाने कमावलेल्या अंगाचा, धावण्याच्या शर्यतींत भाग घेणारा एक माणूस न्यूमोनियाने भरती झाला. आजार उपचारांना दाद देईना. एवढा धडधाकट माणूस इतक्या झपाट्याने का खालावतोय, याचं उत्तर पाठ्यपुस्तकात मिळत नव्हतं. डॉ. अन्नालिसा मालारा यांनी रुग्णाच्या पत्नीला पुन्हा खोदून विचारलं, तेव्हा चीनहून परतलेल्या एका ओळखीच्या माणसाबरोबर झालेलं जेवण तिला आठवलं. तेवढ्या आधारावर, आणि नियमात न बसणाऱ्या चाचणीची जबाबदारी स्वतःवर घेऊन, मालारांनी नमुना पाठवला. २० फेब्रुवारीच्या रात्री अहवाल आला. बाधित.

यातली गंमत म्हणा किंवा शोकांतिका म्हणा, ती पुढे आहे. चीनहून परतलेल्या त्या माणसाची चाचणी झाली आणि ती निगेटिव्ह आली. ज्या धाग्याला धरून चाचणी करता आली, तो धागाच खोटा होता. नियमाने जे विचारायला सांगितलं होतं त्याचा रोगाशी संबंध उरला नव्हता. रुग्णाला लागण गावातच, कुणाकडून तरी झाली होती.

याच सुमारास, २१ फेब्रुवारीला, शेजारच्या व्हेनेतो प्रांतातल्या वो या गावच्या एका वृद्धाचा मृत्यू झाला. तो इटलीतला पहिला नोंदलेला करोनामृत्यू. त्यालाही चीनचा धागा नव्हता. वोमध्ये मग जे झालं ते या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत शहाणपणाचं वाटतं. तीन हजारांवर वस्तीच्या त्या गावात लक्षणं असोत-नसोत, सरसकट चाचण्या झाल्या. पहिल्या फेरीत २,८१२ जणांच्या तपासणीत ७३ बाधित निघाले. पुढे शोधनिबंध आला, त्यात दोन्ही फेऱ्या मिळून सुमारे ४२ टक्के बाधितांना कसलंही लक्षण नव्हतं असं दिसलं. हे काम आंद्रेआ क्रिसांती या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाच्या पुढाकाराने झालं. त्यांचं नाव पुढे पुन्हा येईल.

आधी घबराट, मग घबराटीविरुद्ध मोहीम

पहिली प्रतिक्रिया चोख होती. २३ फेब्रुवारीला कोदोन्योच्या परिसरातली दहा गावं आणि वो, अशी एकूण अकरा गावं ‘लाल क्षेत्र’ म्हणून बंद झाली. सुमारे ५० हजार लोक आत अडकले. लोम्बार्डीतल्या शाळा बंद झाल्या, मिलानमधल्या बारना संध्याकाळी सहानंतर टाळं लागलं, व्हेनिसचा कार्निव्हल दोन दिवस आधीच गुंडाळला गेला. मिलानच्या सुपरमार्केटांतली फडताळं रिकामी झाली. २४ तारखेला मिलानचा शेअर बाजार पाच टक्क्यांहून अधिक कोसळला.

आणि मग वारं फिरलं. अवघ्या दोन-तीन दिवसांत सार्वजनिक चर्चेचा विषय रोगावरून भीतीवर आला. हॉटेलांची आरक्षणं रद्द होत होती, कारखान्यांना परदेशी ग्राहकांचे फोन येत होते, इतर देशांत इटालियन प्रवाशांकडे संशयाने पाहिलं जात होतं. नुकसान डोळ्यांसमोर होतं आणि रुपयापैशांत नाही, तर युरोत मोजता येत होतं. रोगाचं नुकसान मात्र अजून काही वृद्धांच्या मृत्यूंपुरतं होतं, आणि त्यांच्याबद्दल बातमीत लगेच पुस्ती जोडली जाई की त्यांना आधीचे आजार होते.

२५ फेब्रुवारीला लोम्बार्डीचे अध्यक्ष आत्तिलिओ फोंताना यांनी प्रांतिक सभागृहात सांगितलं, की हे साध्या फ्लूपेक्षा थोडंसंच जास्त आहे. मिलानमधल्या एका नामांकित प्रयोगशाळेच्या प्रमुख विषाणूशास्त्रज्ञ बाईंनीही दोन दिवस आधी समाजमाध्यमावर तशाच आशयाचं लिहिलं होतं, आणि तो मजकूर घरोघरी पोचला होता. २६ तारखेला बारवरचे निर्बंध सैल झाले. त्याच रात्री फोंतानांच्या कार्यालयातली एक सहकारी बाधित निघाली. त्यांनी थेट प्रक्षेपणात कॅमेऱ्यासमोर मास्क लावला आणि टीकेचा भडिमार झाला. आक्षेप काय, तर या माणसाने जगासमोर इटलीची भीतीदायक प्रतिमा उभी केली. ‘थोडासा फ्लू’ या विधानापेक्षा मास्कवर गदारोळ जास्त झाला, यावरून त्या आठवड्याचं मन कळतं.

२७ फेब्रुवारीला मिलानचे महापौर ज्युसेप्पे साला यांनी ‘मिलान थांबत नाही’ अशा घोषणेची चित्रफीत प्रसारित केली. त्याच दिवशी सत्ताधारी आघाडीतल्या डेमोक्रॅटिक पक्षाचे नेते निकोला झिंगारेत्ती मिलानला येऊन तरुण कार्यकर्त्यांबरोबर संध्याकाळचं पेयपान करून गेले. सवयी बदलू नका, हा त्यामागचा संदेश. विरोधी बाजूचे मात्तेओ साल्विनी आठवडाभरापूर्वी सीमा बंद करा म्हणत होते, ते आता सगळं उघडा म्हणू लागले. २८ तारखेला बर्गामोच्या उद्योजक संघटनेने परदेशी भागीदारांसाठी चित्रफीत काढली, तिचं नाव ‘बर्गामो इज रनिंग’. डावे, उजवे, उद्योजक, शहराचा कारभारी, एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारी ही मंडळी त्या तीन दिवसांत एका सुरात बोलत होती. एकमत झालं म्हणजे ते बरोबरच असणार, असं सामान्य माणसाने मानलं तर त्याला दोष कसा द्यायचा?

झिंगारेत्तींनी ७ मार्चला स्वतः बाधित असल्याचं जाहीर केलं. मिलानच्या त्या संध्याकाळीच त्यांना लागण झाली असं कुणी सिद्ध केलेलं नाही, आणि या प्रकरणाला त्याची गरजही नाही. सालांनी पुढे मार्चमध्ये टीव्हीवर मान्य केलं की ती चित्रफीत बहुधा चूक होती.

१७ मृत्यू म्हणजे किती?

२७ फेब्रुवारीचा अधिकृत आकडा होता सुमारे ६५० बाधित आणि १७ मृत्यू. सहा कोटींच्या देशात १७. रस्ते अपघातांशी तुलना करून हसण्यावारी नेण्याइतका लहान. इथे थांबून जरा गणित करावं लागेल, कारण सगळी मेख त्यात आहे.

आज मेलेल्या माणसाला लागण आज झालेली नसते. लागण झाल्यावर लक्षणं यायला साधारण पाच दिवस, त्रास वाढून रुग्णालयात पोचायला आणखी आठवडाभर, आणि शेवट व्हायला आणखी काही दिवस. ढोबळमानाने लागण ते मृत्यू हे अंतर अडीच आठवड्यांचं. म्हणजे २७ फेब्रुवारीचे १७ मृत्यू ९ फेब्रुवारीच्या सुमारास झालेल्या लागणींबद्दल बोलतात. शंभर बाधितांमागे एक मृत्यू धरला, तर ९ फेब्रुवारीच्या आसपास १,७०० जणांना लागण झालेली असणार. तेव्हा अधिकृत आकडा तीन होता.

आता पुढे. मधल्या १८ दिवसांत साथ मोकाट होती. दुपटीचा काळ तीन दिवस धरला तर सहा दुपटी, म्हणजे चौसष्ट पट. १,७०० चे होतात एक लाखाच्या वर. हे गणित कच्चं आहे. दगावलेले बहुतेक वृद्ध होते, त्यामुळे त्यांच्यातलं मृत्युप्रमाण एक टक्क्याहून बरंच जास्त असणार आणि बाधितांची संख्या त्या मानाने कमी निघेल. चला, एक शून्य खोडू. तरी दहा हजार उरतात. आणि बातम्यांत होते ६५०.

तीन दिवसांची दुपट कुठून आणली? अधिकृत आकड्यांतूनच. २९ फेब्रुवारीला १,१२८ बाधित होते, ८ मार्चला ७,३७५. आठ दिवसांत साडेसहा पट. मृत्यू २९ वरून ३६६. हे आकडे रोज संध्याकाळी सहा वाजता पत्रकार परिषदेत वाचून दाखवले जात. ज्याला चक्रवाढ व्याज कळतं त्याला हे कळण्यासारखं होतं. पण व्याज कागदावर कळणं वेगळं आणि समोरचा बार भरलेला, रस्ता गजबजलेला, ओळखीत कुणी आजारी नाही, अशा वेळी त्या कागदावर विश्वास ठेवणं वेगळं.

फ्लूशी तुलना इथेच फसली. फ्लूचा मृत्युदर आणि नव्या रोगाचा मृत्युदर असे दोन आकडे शेजारी ठेवले गेले, आणि दोन्ही लहान दिसले. फ्लूला समाजातल्या बऱ्याच लोकांचं शरीर ओळखतं, त्याची लस असते, त्यामुळे तो ठरावीक वेगाने येतो आणि ओसरतो. नवा विषाणू कुणाच्याच शरीराला ठाऊक नव्हता. चीनच्या रोगनियंत्रण केंद्राने फेब्रुवारीच्या मध्यावर ४४,६७२ रुग्णांचं विश्लेषण प्रसिद्ध केलं होतं. त्यात ८१ टक्के रुग्ण ‘सौम्य’ होते, आणि तेवढंच वाक्य जगभर गेलं. या सौम्य गटात हलका न्यूमोनिया असलेलेही धरले होते, हे वाक्य मागे राहिलं. अत्यवस्थ पाच टक्के होते, आणि ऐंशी वर्षांवरच्या रुग्णांतला मृत्युदर १४.८ टक्के. इटलीत तेव्हा पासष्टीच्या पुढचे लोक जवळजवळ २३ टक्के होते.

लोम्बार्डीत साथीच्या आधी अतिदक्षता विभागाच्या सुमारे ७२० खाटा होत्या, आणि त्या काही रिकाम्या पडून नव्हत्या. पाच टक्के या आकड्याला ७२० च्या शेजारी ठेवून पाहिलं असतं, तर मृत्युदरावरचा वाद बाजूला पडला असता. किती टक्के मरतील यापेक्षा एकाच आठवड्यात किती जण दाराशी येतील, हा प्रश्न होता. ६ मार्चला इटलीतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने खाटा अपुऱ्या पडल्यास कुणाला अतिदक्षता विभागात घ्यायचं याबद्दलच्या शिफारशी प्रसिद्ध केल्या. प्रवेशासाठी वयाची मर्यादा घालावी लागू शकेल, असं त्यात लिहिलेलं होतं. डॉक्टर हे लिहीत होते तेव्हा मिलानचे बार उघडे होते.

सेरिआना खोरं

बर्गामो शहराच्या ईशान्येला सेरिओ नदीचं खोरं आहे, तेच सेरिआना खोरं. कापड, यंत्रं, धातुकाम, कारखान्यांची दाट वस्ती. तिथल्या अल्झानो लोम्बार्दो गावच्या रुग्णालयात २३ फेब्रुवारीला, म्हणजे कोदोन्यो बंद झालं त्याच रविवारी, दोन रुग्ण बाधित निघाले. ते आधीपासून वॉर्डात होते. इतर रुग्ण, नातेवाईक, परिचारिका त्यांच्या आजूबाजूला वावरल्या होत्या. रुग्णालयाचा तातडीचा विभाग बंद केला गेला आणि काही तासांतच पुन्हा उघडला.

कोदोन्योला लावलेला न्याय इथे का लावला नाही? चिन्हं तीच होती: स्थानिक प्रसार, रुग्णालयातून फैलाव, धागा सापडत नाही. ३ मार्चला केंद्र सरकारच्या वैज्ञानिक समितीने अल्झानो आणि शेजारचं नेम्ब्रो ही दोन गावं बंद करण्याची शिफारस केली. ५ मार्चला पोलीस आणि सैनिक खोऱ्यात येऊन दाखल झाले, हॉटेलांत उतरले, रस्ते कुठे अडवायचे ते पाहून ठेवलं. आदेश आलाच नाही, आणि ते परत गेले. ८ मार्चला सगळा प्रांतच बंद झाला तेव्हा ही दोन गावं त्यात आपोआप आली.

या विलंबाची कारणं विचारली की प्रांत रोमकडे बोट दाखवत होता आणि रोम प्रांताकडे. उद्योजक संघटनांनी लाल क्षेत्राला विरोध केल्याचं लपून राहिलेलं नाही, पण सगळं त्यांच्या माथी मारणंही सोपं आहे. १९७८ चा आरोग्य सेवा कायदा, क्रमांक ८३३, कलम ३२, असा अधिकार आरोग्यमंत्र्यांना देतो आणि आपल्या हद्दीत प्रांताध्यक्षांनाही देतो. दोघांनाही अधिकार होता, म्हणून दोघांनाही थांबता आलं. एप्रिलमध्ये लोम्बार्डीचे तेव्हाचे आरोग्य कारभारी ज्युलिओ गाल्लेरा यांनी कबूल केलं, की नंतर खोलात जाऊन पाहिलं तेव्हा असा कायदा आहे असं दिसलं.

नेम्ब्रो साडेअकरा हजार वस्तीचं गाव. तिथल्या महापौरांनी गावची नोंदवही उघडून मोजणी केली. २०२० च्या पहिल्या तीन महिन्यांत गावात १५८ मृत्यू झाले होते. आधीच्या वर्षांची त्या काळातली सरासरी होती ३५. आणि १५८ पैकी अधिकृतपणे करोनाचे म्हणून धरलेले होते ३१. बाकीचे चाचणी न होताच गेले. म्हणजे साथ शिगेला पोचली तेव्हासुद्धा आकडा खरं सांगत नव्हता. सुरुवातीला निकषामुळे, शेवटी चाचण्याच पुरेनात म्हणून. ‘लेको दी बर्गामो’ या स्थानिक दैनिकाची निधनवार्तांची पानं एरवी दोनेक असत, १३ मार्चला ती दहा झाली. त्या काळात साथीचं सर्वांत प्रामाणिक मापक मला तीच वाटतात. निधनवार्ता छापायला चाचणीचा अहवाल लागत नाही.

लवकर बंद झालेल्या कोदोन्योचा लोदी जिल्हा आणि उशिरा बंद झालेला बर्गामो, ही तुलना अनेकांनी केली आहे. लोदीतल्या नव्या रुग्णांचा आलेख मार्चमध्ये सपाट होत गेला, बर्गामोचा उभा चढत राहिला. तुलना बोलकी आहे, पण तिला जास्त ताणू नये. लोदीतही मार्चमधले मृत्यू ३७१ टक्क्यांनी वाढले होते. लाल क्षेत्र दहाच गावांचं होतं आणि तेही उशिराच आलं होतं. २३ फेब्रुवारीला ज्याला तत्परता म्हटलं गेलं, ती विषाणूच्या घड्याळात जवळपास महिनाभराची दिरंगाई होती.

७ मार्चची रात्र

लोम्बार्डी आणि आणखी १४ जिल्हे बंद करण्याच्या आदेशाचा मसुदा ७ मार्चच्या संध्याकाळी सही होण्याआधीच वर्तमानपत्रांकडे फुटला. मिलानच्या स्थानकांवर दक्षिणेकडे जाणाऱ्या रात्रगाड्या पकडायला गर्दी उसळली. दक्षिणेतल्या प्रांतांनी घाईघाईने येणाऱ्यांना विलगीकरणाचे हुकूम काढले. ९ मार्चला पंतप्रधान ज्युसेप्पे कोंते यांनी संपूर्ण देश बंद करत असल्याचं जाहीर केलं. अत्यावश्यक नसलेले कारखाने थांबायला मात्र २२ मार्च उजाडावा लागला. त्याआधी १८ तारखेला बर्गामोतून लष्करी ट्रकांचा ताफा शवपेट्या घेऊन निघाला होता, कारण शहराची दाहिनी पुरेना.

स्थानकांवर धावलेल्या लोकांना बेजबाबदार म्हणणारे अग्रलेख तेव्हा खूप आले. मला ते अन्यायाचे वाटतात. दहा दिवसांपूर्वी ज्यांना सवयी बदलू नका असं सांगितलं होतं, त्यांना एका रात्रीत उलटं सांगितलं. मधली पायरी कुणी बांधलीच नव्हती.

पश्चातबुद्धीचा आक्षेप

हे सगळं मागाहून सांगणं सोपं आहे, असा आक्षेप येतो आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. २००३ चा सार्स सुमारे आठ हजार रुग्ण आणि ७७४ मृत्यूंवर थांबला, इटलीत त्याची झळ जवळजवळ लागलीच नाही. २००९ च्या स्वाइन फ्लूच्या वेळी सरकारांनी लसींची मोठी खरेदी केली, साथ अपेक्षेपेक्षा सौम्य निघाली, इटलीतल्या बहुतेक लसी वापराविना राहिल्या, आणि साप साप म्हणून भुई धोपटल्याचा ठपका आरोग्य यंत्रणांवर बसला. २०२० मध्ये खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या आठवणीत हे दोन अनुभव होते. एकदा साथ आलीच नाही, एकदा आली पण फुसकी निघाली. त्या अनुभवांवरून अंदाज बांधला तर तो ‘होईल ठीक’ असाच येणार. इटलीचा साथनियोजनाचा आराखडाही २००६ चा, तोही फ्लूसाठी केलेला, आणि अद्ययावत न केलेला.

आक्षेप मान्य करूनही एक गोष्ट उरते. २७ फेब्रुवारीला कुणालाही खात्री नव्हती, ना घाबरणाऱ्यांना, ना धीर देणाऱ्यांना. पण दोन्ही चुकांची किंमत सारखी नव्हती. सेरिआना खोरं दोन आठवडे उगाच बंद ठेवलं असतं, तर काही कारखान्यांच्या मागण्या हुकल्या असत्या, भरपाई देता आली असती, निवडणुकीत कुणी हरलं असतं. उलट चुकीला भरपाई नव्हती. ही तुलना करायला पश्चातबुद्धी लागत नाही, आणि ३ मार्चला त्या समितीने ती केलीही होती.

दुसरा बचाव डॉक्टरांच्या बाजूने येतो: तज्ज्ञांमध्येच एकवाक्यता नव्हती, मग राजकारण्यांनी कुणाचं ऐकायचं? हे खरंच आहे. पण बारकाईने पाहिलं तर फरक दिसतो. रोग साधा आहे म्हणणारे बहुतेक जण प्रयोगशाळेतून किंवा आकडेवारीवरून बोलत होते. रुग्णालयातल्या वॉर्डातून बोलणारे जवळपास सगळे २५ फेब्रुवारीनंतर एकच सांगत होते. मतभेद होता तो रोग पाहिलेल्यांत आणि न पाहिलेल्यांत.

न्यायालयात

बर्गामोच्या सरकारी वकिलांनी तीन वर्षं तपास केला. त्यांनी तज्ज्ञ म्हणून नेमले ते वो गावात चाचण्या करणारे आंद्रेआ क्रिसांती. २७ फेब्रुवारीला, म्हणजे ‘मिलान थांबत नाही’च्या दिवशी, खोऱ्यात लाल क्षेत्र लागू झालं असतं तर ४,१४८ मृत्यू टळले असते असं त्यांच्या गणिती प्रारूपाने दाखवलं. ३ मार्चला लागू झालं असतं तर २,६५९. पाच दिवसांचा फरक सुमारे दीड हजार माणसांचा.

२०२३ च्या मार्चमध्ये तपास पूर्ण झाला आणि कोंते, तेव्हाचे आरोग्यमंत्री रोबेर्तो स्पेरान्झा, फोंताना यांच्यासह अनेकांची नावं त्यात आली. जूनमध्ये ब्रेशिया इथल्या, मंत्र्यांच्या प्रकरणांसाठी असलेल्या न्यायाधिकरणाने कोंते आणि स्पेरान्झा यांच्याविरुद्धचं प्रकरण बंद केलं. प्रारूप सैद्धांतिक आहे, लाल क्षेत्र लावलं असतं तर अमुक एक माणूस नक्की वाचला असता असं त्यातून सिद्ध होत नाही, असं न्यायाधीशांचं म्हणणं पडलं. मृतांच्या नातेवाइकांच्या संघटनेने या निकालावर नाराजी व्यक्त केली. फौजदारी कायद्याच्या चौकटीत न्यायाधीशांना दुसरं काही करता आलं असतं असं मला वाटत नाही.